पुराची मोटर उन्हाळ्यातच बिघडते

वर्षातील अकरा महिने जिची कोणास आठवण होत नाही आणि बाराव्या महिन्यात जिच्यावाचून घटकाभरही निभत नाही, अशी एखादी वस्तू प्रत्येक गावात असतेच. कोठे तो विहिरीत पडलेल्यास वर काढण्याचा दोर असतो, कोठे सर्पदंशावरील औषधाची कुपी असते. आमच्या पैनगंगेच्या काठी ती वस्तू म्हणजे नावेची मोटर होय. ह्या मोटरीस ताप का येतो, तो कसा ओळखावा आणि कसा उतरवावा, हे आज आम्ही वाचकांस सांगणार आहोत. विषय यंत्राचा असला तरी तो केवळ मिस्त्री लोकांचा नव्हे. पुराच्या दिवशी त्या नावेत आपल्यापैकी कोणासही बसावे लागेल. म्हणून तो सर्वांचाच आहे.

आदिलाबाद जिल्हा म्हटला म्हणजे कापूस, सागवान आणि गोंडांची गावे डोळ्यांपुढे येतात. नाव आणि नावाडी येत नाहीत. परंतु ह्या जिल्ह्याची उत्तर सीमा पैनगंगेनेच आखली आहे. ही नदी बुलढाण्याकडील डोंगरांत उगम पावते, यवतमाळ आणि आदिलाबाद ह्या दोन जिल्ह्यांमधून वाहते आणि चंद्रपूर जिल्ह्यात वढा येथे वर्धेस मिळते. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट व राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला; 2014 साली तो तेलंगणात आला आणि 2016 साली त्याचे चार जिल्हे झाले. राज्ये बदलली, तरी बेला, जैनथ, भीमपूर ह्या बाजूच्या गावांतील मराठी बोलणे बदलले नाही आणि पलीकडच्या तीराशी असलेली सोयरीकही तुटली नाही. उन्हाळ्यात जी नदी मुले गुडघाभर पाण्यातून ओलांडतात, तीच श्रावणात शेतात शिरते आणि गावाचे बेट करून टाकते.

अलीकडच्या वर्षांनी हे पुन:पुन्हा दाखविले आहे. जुलै 2022 मध्ये पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील आणि आता निर्मल जिल्ह्यात असलेल्या कडम धरणावर इतके पाणी आले की ते भिंतीवरून वाहू लागले. अठरा दारांपैकी सतरा दारे उघडली, एक उघडले नाही. धरण टिकले, ही मोठी कृपा. पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2023 रोजी, आमच्या पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर माणसे पाण्यात अडकली आणि त्यांच्यासाठी वायुसेनेची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. हेलिकॉप्टर प्रत्येक गावास मिळत नसते. बहुतेक गावांचा भरवसा एका नावेवर आणि तिच्या पाठीस लावलेल्या मोटरीवरच असतो.

ह्या मोटरीस आउटबोर्ड मोटर म्हणतात, कारण ती नावेच्या पोटात नसून बाहेर, मागच्या फळीवर, अडकविलेली असते. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूड ह्या कारागिराने 1909 साली अशा मोटरी विकावयास काढल्या. त्याची पहिली मोटर अवघ्या दीड अश्वशक्तीची होती. आज पूरबचावाच्या नावांवर तिच्या वीसपट, तीसपट बळाच्या मोटरी असतात. तथापि रचना मूळचीच आहे. वर इंजिन, मध्ये लांब पाय, त्या पायातून खाली जाणारा उभा दांडा आणि शेवटी पाण्यात फिरणारा पंखा.

आता ताप येण्याचे मूळ पाहू. ट्रॅक्टरच्या इंजिनापुढे रेडिएटर असतो. तेच तेच पाणी इंजिनातून फिरते आणि वाऱ्याने निवते. नावेच्या मोटरीस रेडिएटर नसतो. ती ज्या पाण्यात चालते तेच पाणी पिते आणि लगेच टाकून देते. पायाच्या खालच्या भागात, पंख्याच्या थोडे वर, दोन्ही बाजूंस जाळीची लहान तोंडे असतात. तेथून पाणी आत येते. त्याच उभ्या दांड्यावर एक रबरी चक्र बसविलेले असते. त्यास इम्पेलर म्हणतात. हे चक्र एका पोलादी वाटीत फिरते आणि त्याची लवचिक पाती पाणी वर ढकलतात. नळीने वर चढलेले पाणी इंजिनाच्या भिंतींतील पोकळ्यांतून फिरते, थर्मोस्टॅट नावाच्या उष्णतेने उघडणाऱ्या झडपेतून बाहेर पडते आणि धुराबरोबर पुन्हा नदीत जाते. त्यातील थोडेसे पाणी एका बारीक तोटीतून बाहेर उडते. ती धार म्हणजे मोटरीची नाडी होय. धार दिसली की नावाडी निश्चिंत होतो.

म्हणजे जाळी, चक्र, नळी, पोकळ्या आणि झडप अशी ही पाच स्थानकांची वाट आहे. मोटर तापली तर बहुधा ह्या वाटेवरच कोठेतरी पाणी अडलेले असते. जो ही वाट मनात धरून एकेक स्थानक तपासतो त्यास दोष सापडतो. जो एकदम हातोडी घेऊन बसतो त्यास नवे दोष मात्र मिळतात.

आता आमच्या पाहण्यातील एक हकीकत सांगतो. नदीकाठच्या एका गावाने वर्गणी काढून एक नाव आणि चाळीस अश्वशक्तीची एक जुनी मोटर घेतली. मोटर कोकणच्या किनाऱ्यावरून आली होती. म्हणजे तिची तरुणपणाची वर्षे खाऱ्या पाण्यात गेली होती. दोन पावसाळे नदीस मोठा पूर आला नाही आणि मोटर पत्र्याच्या खोलीत उभी राहिली. तिसऱ्या वर्षी पावसाच्या आरंभी चाचणी घेतली तेव्हा थोड्याच वेळात भोंगा वाजू लागला. मोटर तापली की भोंगा वाजावा, अशी योजना तिच्यात होती. परंतु गावात कोणीतरी असे ठरविले की भोंगाच बिघडला आहे, आणि त्याची तार कापण्यात आली. तार कोणी कापली हे आम्ही कधी विचारले नाही. आवाज थांबला आणि सर्वांस बरे वाटले.

त्याच श्रावणात पाणी चढले. नाव खालच्या वस्तीतून अकरा माणसे घेऊन निघाली. त्यांत दोन तान्ही मुले होती आणि एक बाळंतीण होती. आम्ही काठावर उभे होतो. बाभळी आणि विजेचे खांब चुकवीत नाव अगदी संथ चालली होती. मध्यावर येताच मोटरीचा आवाज जड झाला, करपल्यासारखा वास सुटला आणि मोटर आपोआप बंद पडली. बंद मोटरीची नाव म्हणजे पाण्यावरचा पाचोळा. वृद्ध नावाड्याने वल्ह्याने तिचे तोंड वळविले, दोर फेकला आणि बुडालेल्या एका बाभळीस नाव अडकविली. पाऊण तास ती माणसे तेथे थांबली. मोटर निवाल्यावर ती पुन्हा चालू झाली आणि थांबत थांबत नाव काठास लागली. कोणासही इजा झाली नाही. परंतु त्या पाऊण तासात काठावरची एकही बाई बोलली नाही, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

पूर ओसरल्यावर मोटर आमच्या पडवीत आणण्यात आली. आमचे बालपण वसईच्या किनाऱ्यावर गेले. तेथे समुद्रावरून आलेले मच्छीमार आधी मोटरीस गोडे पाणी पाजीत आणि मग स्वत: चहा घेत. त्यांच्यात बसून जे डोळ्यांनी शिकलो तेवढ्याच भांडवलावर आम्ही ह्या कामास हात घातला. सोबत तो वृद्ध नावाडी होता आणि मोटारसायकली दुरुस्त करणारा गावचा तरुण मिस्त्री होता. मते अनेक निघाली. एक म्हणे, पाणी गढूळ होते म्हणून तापली. दुसरा म्हणे, पेट्रोलात ऑइल कमी मिसळले. तिसरा म्हणे, मोटरच म्हातारी झाली, नवी घ्या. आम्ही म्हटले, "आधी भोंग्याची तार जोडू, मग मोटरीलाच विचारू."

दुरुस्तीचा आरंभ असा भोंग्यापासून झाला, आणि तो तेथूनच व्हावयास हवा. भोंगा खोटा वाजत आहे की खरा, हे ठरविण्यास एक साधा उपाय आहे. इंजिनाचे झाकण काढून, फिरत्या चाकापासून हात व कपडे दूर ठेवून, भोंगा वाजत असताना इंजिनाच्या डोक्यावर बोटाने दोन थेंब पाणी टाकावे. थेंब तडतडून उडाले तर ताप खरा आहे. आमचे थेंब तडतडले. भोंगा निर्दोष होता.

दुसरा प्रश्न असा की मोटर केव्हा तापते? हा प्रश्न अर्धे निदान करतो. संथ चालीत तापणे आणि वेगात निवणे, हे बहुधा इम्पेलर दुबळा झाल्याचे चिन्ह असते. संथ चालीत ठीक आणि वेगात तापणे, हे वाट अरुंद झाल्याचे चिन्ह असते. जाळीवर कचरा, पोकळ्यांत गाळ, किंवा मोटर फळीवर फार उंच बसविल्यामुळे जाळीच्या तोंडी पाण्याऐवजी हवा येणे. सुरू केल्यापासून कोणत्याही चालीत झटपट तापणे, हे झडप मिटून बसल्याचे किंवा चक्र मुळीच फिरत नसल्याचे चिन्ह असते. नावाड्याने आठवून सांगितले की मोकळ्या पाण्यात जोरात नेली तेव्हा तिने कधी त्रास दिला नव्हता. वस्तीत शिरून हळू चालविली की ती कण्हत असे. वाचकांनी येथे ध्यान द्यावे. पुरातील बचावाचे सारे काम संथ चालीचेच असते. छपराजवळ जाणे, खांब चुकविणे, म्हाताऱ्यांस चढवून घेणे, हे कोणी वेगाने करीत नाही. म्हणजे हा दोष नेमका कामाच्या वेळीच प्रकट होणारा होता.

मग वाटेने निघालो. पहिले स्थानक जाळी. तिच्यात पऱ्हाटीचे तुकडे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीची एक चिंधी सापडली, ती काढली. पुराच्या पाण्यात हे नित्याचेच असते. पुढे धारेची तोटी पाहिली. ती मातीने घट्ट बुजली होती, आणि ती माती पुराची नव्हती. पत्र्याच्या खोलीत कुंभारमाशीने तेथे आपले घरटे बांधले होते. बारीक तारेने ते काढले. मोठ्या पिंपात पाणी भरून, जाळी व पंप पूर्ण बुडतील असे पाहून, पंखा काढून ठेवून मोटर सुरू केली. धार उडाली आणि सर्वांस आनंद झाला. नावाडी म्हणाला, "फादर, घ्या, धार तं पडू राहिली. झालं काम." परंतु वेग कमी करताच धार ठिबकू लागली आणि काही मिनिटांत भोंगा वाजला.

ह्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. धार नाही म्हणून पाणी नाहीच असे नव्हे, कारण तोटीच बुजलेली असू शकते; आणि धार आहे म्हणून सर्व कुशल आहे असेही नव्हे, कारण पुढील पोकळ्या बुजल्या असल्या तरी धार उडू शकते. धार ही खूण आहे. खूण पाहावी, परंतु खुणेवर समाधान मानून उठू नये.

त्यानंतर थर्मोस्टॅट काढला. हा लहानसा तुकडा असून आतील मेण तापून फुगले की तो उघडतो. त्याची परीक्षा स्वयंपाकघरात करता येते. त्याच्या झडपेत दोऱ्याचे टोक अडकवून तो पाण्याच्या पातेल्यात लोंबता ठेवावा; बुडास टेकू देऊ नये. पाण्यात तापमापक धरून पातेले मंद आचेवर ठेवावे. झडप उघडली की दोरा सुटतो आणि तुकडा खाली पडतो. ज्या अंशास तो उघडावयास हवा तो आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो. नावेच्या मोटरींत तो साधारणपणे पन्नास ते साठ अंशांच्या आसपास असतो. आमचा थर्मोस्टॅट योग्य वेळी पडला. त्याच्यावर मिठाचे पांढरे पुट आणि काळ्या मातीचा थर होता, तेवढा धुऊन काढला. म्हणजे झडपेवरचा आरोप टळला.

आता राहिले चक्र. त्यासाठी पायाचा खालचा भाग सोडवावा लागतो. समुद्राच्या मिठाने बोल्ट गंजून जाम झाले होते. तरुण मिस्त्री पान्यास नळी लावून जोर करू पाहत होता. नावाडी त्यास म्हणाला, "थांब बाळा, तेल पाज आन् झोप. उद्या येईन थो." तसेच केले, गंज सोडविणारे तेल रात्रभर मुरू दिले आणि सकाळी बोल्ट एकेक करून सुटले. घाईने बोल्ट तुटला असता तर एका दिवसाचे काम पंधरा दिवसांवर गेले असते.

वाटी उघडताच रोग दिसला. इम्पेलरची सहाही पाती एका अंगास वाकून तशीच लाकडासारखी कडक झाली होती. चांगले रबर बोटाने दाबले की वाकते आणि सोडले की सरळ होते. हे वाकलेलेच राहिले. वाटी मुद्दाम एका बाजूस सरकवून बसविलेली असते, त्यामुळे पाती एका बाजूस दबतात आणि दुसऱ्या बाजूस उलगडतात. ह्या दबण्या-उलगडण्यानेच पाणी ओढले जाते. वेगात चक्र पाणी बाहेर फेकते, म्हणून कडक पात्यांनीही काही काळ निभते. संथ चालीत मात्र उलगडण्याची शक्ती नसली की ओढ संपते. शिवाय एका पात्याचे टोक तुटलेले होते. मिस्त्री नवे चक्र बसवावयास निघाला तेव्हा आम्ही विचारले, "बाळा, तुटलेला तुकडा कोठे आहे?" हा प्रश्न विसरता कामा नये. तुटलेले रबर पाण्याबरोबर वर जाते आणि अरुंद जागी अडकून बसते. नवे चक्र घातले तरी मोटर तापतच राहते. शोधता शोधता तो तुकडा वर चढणाऱ्या नळीच्या सांध्यात सापडला. तो नखाएवढा होता.

मग काम सरळ होते. डोक्यावरचे झाकण उघडून पोकळ्यांतील गाळ लाकडी काडीने खरवडला, स्वच्छ पाणी उलट दिशेने सोडून वाट धुतली आणि झाकणाचे गॅस्केट नवे घातले. दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजला. तो सारखा भरला, म्हणजे तापाने पिस्टनांस इजा झाली नव्हती. नवे चक्र, दांड्यावर त्यास पकडून ठेवणारी लहानशी चावी आणि खालची झिजलेली पट्टी, ही तिन्ही एकदम बदलली. चक्र बसविताना पात्यांस साबणाचे पाणी लावावे आणि दांडा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरवीत वाटी खाली दाबावी, म्हणजे पाती योग्य अंगास वाकतात. पाय परत चढविताना पाण्याची नळी आपल्या रबरी कडीत नीट बसली की नाही हे पाहावे. ती चुकली तर सारे श्रम वाया जातात. पिंपात अर्धा तास अगदी संथ चालीत मोटर चालविली. धार एकसारखी होती. भोंगा जोडलेला असूनही गप्प राहिला. नावाड्याने इंजिनाच्या डोक्यावर दोन थेंब टाकून पाहिले. ते तडतडले नाहीत, नुसते ओघळून गेले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. हे चक्र कोणी मारले? पुराने नव्हे. गढूळ पाणी पात्यांस झिजविते हे खरे. काळ्या मातीच्या प्रदेशातील पूर म्हणजे वाळू व चिखल मिसळलेला घोटच. परंतु आमचे चक्र झिजलेले नव्हते, ते ताठरलेले होते. पाती दोन वर्षे एकाच जागी दबून राहिली. वर पत्र्याची खोली, खाली वैशाखाचा ताप. त्यात भर म्हणून कोणी पाहुणा आला की "मोटर चालते का पाहू" म्हणून ती कोरडीच सुरू करून दाखविण्यात येत असे. पाण्यावाचून हे रबरी चक्र अर्धा मिनिटही सुखरूप राहत नाही. पाणी हेच त्याचे वंगण असते. म्हणून आम्ही म्हणतो की पुराची मोटर पुरात बिघडत नाही. ती उन्हाळ्यातच बिघडते. पुरात फक्त कळते.

ऑगस्ट 2018 मध्ये केरळात महापूर आला तेव्हा तेथील मच्छीमारांनी आपल्या नावा ट्रकांवर चढवून आतल्या गावांत नेल्या आणि सुमारे 65,000 माणसांस वाचविले, असे त्या राज्याच्या सरकारने सांगितले. भिंती, खांब आणि झुडपे ह्यांवर आपटून अनेक नावांची व मोटरींची मोडतोड झाली, तरी काम थांबले नाही. त्या मच्छीमारांचे शौर्य मोठे होतेच. परंतु त्या शौर्याच्या हाताशी जी यंत्रे होती ती चालती होती. ती पुराच्या दिवशी चालली, कारण आदल्या दिवशीही चालत होती आणि त्याच्या आदल्या दिवशीही. आमच्या नदीकाठी मासेमारीचा तसा रोजचा व्यवहार नाही. म्हणून जे तेथे धंद्याने आपोआप होते, ते येथे नेमाने करावे लागेल.

तो नेम फार कठीण नाही. महिन्यातून एकदा, बाजाराच्या किंवा ग्रामसभेच्या दिवशी, पिंप भरून मोटर दहा मिनिटे संथ चालवावी. कोरडी कधीही सुरू करू नये, कोणा मोठ्या पाहुण्याने सांगितले तरीही. काम झाल्यावर स्वच्छ पाण्याने वाट धुवावी आणि मोटर उभी ठेवून पाणी निथळू द्यावे. तोटीवर व जाळीवर कापड बांधून ठेवावे, म्हणजे कुंभारमाशीस घर मिळणार नाही. कापड सोडण्याची आठवण राहावी म्हणून त्यास लाल चिंधी जोडावी. दरवर्षी रोहिणी नक्षत्र लागले की, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, पाय उघडून चक्र बोटाने दाबून पाहावे. ताठर वाटले तर मृगाच्या आत बदलावे. एक जादा चक्र, त्याची चावी, गॅस्केट, प्लग आणि लागणारे पाने एका डब्यात मोटरीबरोबरच ठेवावेत. नव्या मोटरीच्या किमतीपुढे ह्या साऱ्याचा खर्च किरकोळ आहे. आणि हे ज्ञान एकाच माणसाजवळ राहू नये. आमच्या येथे आता चौघांस हे काम येते. त्यांत दहावीत शिकणारी एक मुलगी आहे आणि गाठ सोडविण्यापासून गॅस्केट बसविण्यापर्यंत तिचा हात सर्वांत स्थिर आहे.

पाण्यात असताना भोंगा वाजलाच तर काय करावे, तेही लक्षात ठेवावे. वेग कमी करून नाव शक्य तितकी प्रवाहाबाहेर न्यावी, दोर किंवा नांगर टाकून तिला आधी बांधावे आणि मग मोटर बंद करावी. मोटर वर उचलून जाळी पाहावी. पुष्कळदा तेथे एखादी पिशवीच चिकटलेली असते आणि ती काढली की संकट संपते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, लोखंड तडकते. ते आपोआप निवू द्यावे. वल्ही, दोर आणि नांगर ह्यांवाचून मोटरीची नाव कधीही सोडू नये. मोटर ही सोय आहे. त्या दिवशी अकरा जीव राखले ते वल्ह्याने आणि दोराने. माणसे किती घ्यावयाची तो आकडाही आधीच ठरवून नावेवर रंगवून ठेवावा. 8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे आणणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. पुरात नावेस शिल्लक अशी फार थोडी असते. ती आपण आपल्या हाताने संपवू नये.

शेवटी भोंग्याविषयी. तो मध्येच, नको त्या वेळी आणि कर्कश आवाजात बोलतो. त्यामुळे तो कोणास आवडत नाही. परंतु त्याने सांगितलेले खोटे आहे असे जोवर दोन थेंब पाण्याने सिद्ध झाले नाही, तोवर त्याच्या तारेस हात लावू नये. ज्या ज्या गावात अशी मोटर आहे तेथील कर्त्या मंडळींनी आजच खोली उघडावी, भोंग्याची तार जाग्यावर आहे की नाही ते पाहावे, आणि पिंपात पाणी भरावयास सांगावे.